महिन्याचा कोळसा आठवड्यात

सांबशिवरावांनी कोळशाची जाळीदार पिशवी हॉलमधल्या प्रवाळांच्या काचेच्या टाकीतून उपसली आणि बादलीत आपटली. आठच दिवसांपूर्वी नवा कोळसा भरला होता. एरवी तो महिनाभर पाण्यातली घाण नि पिवळेपणा शोषून घेई. आता आठवड्यातच मान टाकत होता. टाकीतलं खारं पाणी पुन्हा फिक्या चहासारखं झालं होतं. तंजावूरच्या उन्हाळ्यात नऊ वर्षं जगवलेली प्रवाळं मिटून बसली होती. दोन तर बुडाशी पांढरी पडली होती. आणखी महिनाभर असंच चाललं तर एकही उरणार नव्हतं.

कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, त्याने पाण्याच्या नाही नाही त्या तपासण्या केल्या. क्षार मोजले, पंप खोलून धुतला, कोळसा विकणाऱ्याला फोनवर झापलं. शेवटी चोर घरातच सापडला. पाण्यातली घाण फेसावर घेणारं यंत्र हॉलमधली हवा ओढून टाकीत घुसळतं, आणि त्या हवेत दर शुक्रवारी बायकोच्या सांब्राणीचा धूर असतो.

सांब्राणीचा धूप काही नवा नव्हता. लग्न झाल्यापासून कृष्णवेणी दर शुक्रवारी दिवेलागणीला निखाऱ्यांवर चिमूटभर टाकून घरभर फिरवायची. पण हल्ली चिमटीची मूठ झाली होती. धुरात देवसुद्धा दिसेनासे होत. सांगून सांगून सांबशिवराव थकले. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. वर दोष दुकानदाराला. भेसळीचा माल देतोस म्हणून ती कीळवासलच्या दुकानात भांडून आली. दुकान बदललं, मग तेही बदललं. स्वयंपाकातही तीच तऱ्हा. रसमात हिंग इतका, की घोट घशाखाली उतरू नये, आणि बोलायची सोय नाही. या बाईला झालंय तरी काय, हे त्यांना कळेना.

आजही शुक्रवार होता. ओल्या हातांनी ते वळले, तर ती धुपाटणं घेऊन आलीच. समोरची भिंत दिसेनाशी झाली. सांबशिवरावांना ठसका लागला. तिने मात्र डब्यातून आणखी एक मूठ काढली.

"पुरे कर. अस्की प्रवाळं मरून जातील इथें, एकसुद्धा उरणार नाही. देवाला तरी एवढा धूर कशास पाहिजे?"

"झालं हो. वास आला की बस करतें."

सांबशिवरावांचा तोल सुटला. त्यांनी तिच्या हातातलं धुपाटणं हिसकावलं आणि तिच्या तोंडासमोर धरलं.

"वास पाहिजे न तुला? घे पोटभर."

ती मागे सरली नाही. डोळे मिटून तिने एकदा श्वास घेतला, मग पुन्हा एकदा, आणखी खोल. तिच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. ते तिने पदराने टिपलं.

"डोळे झोंबतात," ती म्हणाली. "वास नाही येत. सांब्राणीचा नाही, डोक्यांत माळलेल्या मल्लीचा नाही. चार महिने झाले हो."