डबीभर हिंग

आईनं हट्टानं दिलेली हिंगाची डबी नेमकी कॅनडातल्या त्या जंगलात, पाठीवरच्या पिशवीत सांडली, तेव्हा शाल्मली ओशाळून गेली. याच वासापायी खोलीतल्या मैत्रिणींनी डबी स्वयंपाकघरातून हद्दपार केली होती.

खनिज तेलाच्या शोधात चिरफाड झालेल्या या जंगलात दोन महिन्यांपासून तिनं झाडांना कॅमेरे बांधले होते. समोरून जनावर गेलं की फोटो आपोआप निघायचा. पण निघाले ते सगळे हलणाऱ्या फांद्यांचेच. शेवटच्या आठवड्यातही काही दिसलं नाही, तर जंगल रिकामं ठरून उरलेल्या झाडांवर कुऱ्हाड पडणार होती.

सोबतचा म्हातारा वाटाड्या वॉल्टर मात्र नाक वर करून थबकला. "पोरी, माझे आजोबा जनावरांना भुलवायला हेच लावायचे!"

"आम्ही आमटीत घालतो," ती पुटपुटली.

दोघांनी मिळून कॅमेऱ्यासमोरच्या खोडाला सगळा हिंग चोळला.

आठवड्यानं फोटो पाहिले आणि शाल्मली तिथल्या तिथे नाचली. कानांना काळे झुपके असलेली लिंक्स, आपल्या रानमांजराची थोराड बहीण, डोळे मिटून खोडाला गाल घासत होती. मागे दोन पिल्लं! जंगल रिकामं नव्हतं.

गावात पोचताच तिनं आईला फोटो पाठवून फोन लावला. "तुझ्या हिंगानं जंगल वाचवलं गं!"

आईनं फोटो मोठा करून पिल्लं पाहिली.

"ते असू दे. पोरं घेऊन दारात आलेल्या लेकुरवाळीला नुसत्या वासावर परत पाठवलंस?"