धार काढायला कोण?

वादळात विजेचे खांब आडवे झाले आणि दूध काढायचं मशीन बंद पडलं. नवऱ्याचा हात प्लास्टरमध्ये, गोठ्यात वीस गाई आणि धार काढायला फक्त ती. सातव्या गाईपाशी तिची बोटं वळेनाशी झाली. बाकीच्यांच्या कासा तटतटून दगड झाल्या होत्या, हंबरणं ऐकवत नव्हतं.

"सोड आता. व्हायचं ते होईल," नवरा दारातून म्हणाला.

"कासा सुजल्या तर गाई हातच्या जातील!" ती ओरडली आणि गाईच्या पोटाला डोकं टेकून रडायला लागली.

तेवढ्यात चिखल तुडवत जाऊबाई आल्या. वाटणी झाल्यापासून दोन्ही घरांत अबोला होता. त्यांनी बाह्या वर सारल्या, बादली ओढली आणि पुढच्या गाईखाली बसल्या. दोघींनी मिळून एकेक करत सगळ्या गाई मोकळ्या केल्या.

शेवटच्या गाईला थोपटताना ती एकदम चपापली. "अहो जाऊबाई, तुमच्या गाईंची धार राहिली की!"



"परवाच विकल्या गं सगळ्या. माझ्या एकटीच्यानं होईना."