जिभेखालचा पडदा

दवाखान्यात बाळाने रडायला तोंड उघडलं, आणि प्लंबरने तेवढ्यात खिशातली बॅटरी पेटवून आत डोकावून घेतलं.

"अहो, डोळ्यांवर मारू नका," बायको म्हणाली.

"तोंडातच मारतोय." तो आणखी वाकला. जिभेखाली एक पातळ, पांढरट पडदा ताणला होता. बाळ रडलं की जिभेचं टोक खाली ओढलं जायचं आणि मध्ये खाच पडायची. भिंतीला कान लावून आतली गळती शोधणारा माणूस हा, आणि पोटच्या बाळाच्या तोंडातलं याला ठाऊक नाही! त्याला स्वतःचीच गंमत वाटली.

डॉक्टरबाईंनी त्याचा बॅटरीचा हात हळूच बाजूला केला. "झालं बघून? आता मी बघते. पण तोंड नंतर. आधी बाळ दूध कसं पितं ते बघू दे."

"बिघाड तर तोंडात आहे ना?"

"पडदा बऱ्याच बाळांना असतो. त्यानं काही अडतंय का, ते बघायचं. अडत नसेल तर उगाच कशाला कापायचं?"

बायकोने बाळाला छातीशी घेतलं आणि डोळे गच्च मिटले. डॉक्टरबाईंनी उशी सरकवली, बाळाची मान वळवली, हनुवटी टेकवली. बाळ जरा ओढायचं, सुटायचं, चिडून पुन्हा धरायचं. मधूनमधून टक् टक् असा आवाज यायचा.

"मोटर एअर पकडतेय," प्लंबर बोलून गेला आणि जीभ चावली.

डॉक्टरबाई हसल्या. "अगदी तेच. पकड बसत नाही, हवा जाते. म्हणून बाळ दमतं, वजन भरत नाही, आणि यांच्या स्तनांना चिरा पडल्यात." मग त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. "आता तुम्ही ठरवा. कापणं क्षणाचं काम आहे. थोडं रक्त येईल, थोडं रडेल. बहुतेक फरक पडेल, पण हमी नाही देत मी. नसेल कापायचं, तर दूध काढून वाटीने पाजा, आपण थोडं थांबून बघू."

कापायचं म्हटल्यावर प्लंबर बिचकला. लोखंडी पाइप सपासप कापणारा गडी, पण ओठ कोरडे पडले. त्याने ते जिभेने ओले केले, आणि डॉक्टरबाईंची नजर तिथेच थबकली.

"जीभ बाहेर काढा बघू."

त्याने काढली. ती खालच्या ओठापर्यंत कशीबशी आली.

"अहो, तुम्हालाही आहे की!"

तो धावला बेसिनवरच्या आरशाकडे. जीभ वर करून पाहिली, वाकडी करून पाहिली, बॅटरी मारून पाहिली. तीच खाच, तोच पडदा. "च्यायला! इतकी वर्षं तोंडात घेऊन फिरतोय मी!" त्याला कोण आनंद झाला. "मग नकोच कापायला. माझं कुठं काय अडलं? बोलतो, खातो, शिट्टी मारतो." आणि खरंच मारली.

"तुमचं नसेल अडलं," बायको चिडून म्हणाली. दुखण्याने तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ज्यांनी तुम्हाला पाजलं त्यांना विचारा."

कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन त्याची आई बसली होती. एरवी तिच्या तोंडाला खळ नसे. "मी कुठलं पाजतेय?" ती म्हणाली. "मला दूधच नव्हतं. हा बाटलीवर वाढला. घरात माझं नावच पडलं होतं, कोरडी विहीर." ती हसली. ही गोष्ट ती नेहमी हसूनच सांगायची.

"दूध नाही हे कशावरून ठरलं, आजी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ठरवायचं काय त्यात? हा छातीशी किंचाळायचा. सासूबाई म्हणाल्या दूध नाही, शेजारणी म्हणाल्या दूध नाही. मग मीही म्हणायला लागले."

डॉक्टरबाईंनी एकदा प्लंबरच्या तोंडाकडे पाहिलं. "तेव्हाचं आज छातीठोकपणे नाही सांगता यायचं. पण या जिभेला ओढणं जड गेलं असणार."

आईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. प्लंबर आरशापासून मागे आला आणि बायकोजवळ टेकला. "तुला काय वाटतं?" आल्यापासून पहिल्यांदा त्याने तिला विचारलं.

"मला पाजायचंय," ती म्हणाली. "जीव मुठीत धरून नाही. नीट."

"करा, डॉक्टर."

खरंच क्षणाचं काम. बाळाने टाहो फोडला आणि लगेच छातीशी आलं. बायकोने सवयीने डोळे मिटले. मग एक उघडला. मग दुसरा.

"दुखतंय?" प्लंबरने विचारलं.

"थोडं. पण ऐका ना."

त्याने कान जवळ नेला. टक् टक् नव्हतं. बाळ घटाघट गिळत होतं.

आई उठून जवळ आली आणि सुनेच्या गाऊनकडे बघत राहिली. ज्या बाजूला बाळ नव्हतं, तिथे ओला डाग पसरत होता. "हे काय गं?"

"दूधच ते, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाळ एकीकडे ओढतं, तेव्हा दुसरीकडचंही सुटतं."

आईने त्या ओल्या कापडाला बोट लावून पाहिलं.

"माझेही कपडे असेच भिजायचे," ती म्हणाली. "दूध नाही म्हणत होते ना सगळे... मला वाटायचं, घाम असेल."