काचेच्या अलीकडे

मुलांना जंगल जवळून बघता यावं, म्हणून मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरून त्यांना उभं करायचं, हे संग्रहालयातलं माझं काम. लांडगा, घुबड, साळिंदर, सगळे माझ्या हाताखालून गेलेत. केस ओल्या बोटांनी, ते उगवतात त्याच दिशेनं बसवायचे. ओठांची कड जराशी उचलायची, म्हणजे जनावर आत्ताच कशाची तरी चाहूल घेतंय असं वाटतं. शाळेची पोरं काचेला नाक चिकटवून उभी राहतात आणि एखादं तरी ओरडतंच, "बाई, हा अगदी जिवंत वाटतो!" मी मान तुकवून "थँक्यू" म्हणते. आमच्या कामात याहून मोठं बक्षीस नाही.

बाबा गेले तेव्हा मला रडूच आलं नाही. दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्यांच्या भुवया विस्कटल्या होत्या आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. दादा आणि वहिनी बाहेर फोनाफोनी करत होते. मी वाटीत पाणी घेतलं, भुवया नीट बसवल्या, ओठांची कड जराशी उचलली. मग दार उघडलं.

आत्या आत आली आणि भावाच्या उशाशी मटकन बसली. बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हुंदका देत मला म्हणाली, "अगं, अगदी जिवंत वाटतोय गं!"

मी मान तुकवून म्हणाले, "थँक्यू."