विचुंब्यात कर्नाळा

काउंटरच्या काचेवर दोन कॅल्क्युलेटर शेजारी शेजारी ठेवले होते आणि ऋचाचा जीव उजवीकडच्यात अडकला होता. डावीकडचा साधा सायंटिफिक, सगळ्यांकडे असतो तसला. उजवीकडच्याची मात्र गोष्टच न्यारी! समीकरण घाला, बटण दाबा, की पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी आलेख उमटत जायचा. प्रभाकरशेठच्या मेव्हण्याने तो दुबईहून आणला होता आणि त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, अख्ख्या पनवेलात असा हा एकच. किंमत तिप्पट होती. पण सिव्हिलला ताजा प्रवेश मिळालेली पोरगी दुसरीकडे बघेल तरी कशाला?

बाबा डावीकडच्यावर बोट ठेवून उभे. कृष्णकांत ओव्हरसिअर म्हणजे कंत्राटदाराकडे तीस वर्षं रस्ते केलेला माणूस, असा सहजासहजी पाघळणारा नव्हे. त्यांचं म्हणणं असं, की परीक्षेच्या हॉलमध्ये उजवीकडचा चालत नाही हे शेठ स्वतःच सांगतायत, मग चार वर्षं काय देव्हाऱ्यात ठेवून त्याची पूजा करायची? शेठ म्हणाले, परीक्षा संपतात हो, नोकरी पुढे असते, तिथे हाच कामाला येईल. ऋचाने मान एवढ्या जोरात हलवली की वेणी खांद्यावरून पुढे आली.

“नोकरीत?” बाबांनी खिशातून डायरी काढून काचेवर ठेवली. “ही घ्या नोकरी.”

डायरीत विचुंब्याच्या नव्या रस्त्याच्या पातळ्या होत्या. दर वीस मीटरवर रस्ता किती उंच ठेवायचा त्याचे बावीस आकडे, बाबांच्या ठसठशीत मराठी अक्षरात. उद्या सकाळी मुकादम त्याबरहुकूम भराव टाकायला घेणार होता. यंत्राने हा रस्ता नीट काढून दाखवला तर उजवीकडचा, नाहीतर निमूट डावीकडचा, असं ठरलं.

ऋचाला तेवढंच हवं होतं. यंत्रासोबतची माहितीपुस्तिका एका हाताने उघडी धरून तिने आकडे भरायला घेतले. बोटं काही थांबत नव्हती. बाविसावा आकडा गेला, तिने बटण दाबलं. डावीकडून सपाट रेघ सरकत आली, मध्येच सरळ वर चढली, टोक काढून खाली कोसळली आणि पुन्हा सपाट झाली.

बाबा चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. “विचुंब्यात कर्नाळा उभा केलास की गं,” ते म्हणाले.

शेठनाही हसू आवरेना. गोवा हायवेवरून किल्ल्याचा सुळका दिसतो ना, अगदी तस्सा. बाबांनी डावीकडच्याचं खोकं मागितलं. ऋचाच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं, पण तिने यंत्र हातचं सोडलं नाही. एकच मिनिट, शेठ, असं म्हणत ती डायरीवर बोट फिरवून एकेक आकडा पुन्हा वाचू लागली आणि नवव्याशी अडली. ४.३०. बाबांच्या चाराचं तोंड वरून मिटलेलं. समोर मराठी आकडे, बटणांवर इंग्रजी, आणि घाईघाईत तिने चाराचा चक्क आठ करून टाकला होता.

आकडा दुरुस्त केला आणि सुळका नाहीसा झाला. आता एवढी उंची दाखवायची गरज नव्हती, म्हणून तिने पडद्याचं माप लहान केलं. रस्ता एकदम जवळ आला. छान, हळूहळू चढत जाणारी रेघ. ऋचाला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. पण शेवटाकडे रेघेला एक खळगा पडला होता.

“हे काय?” बाबांनी विचारलं.

तिने पान उलटून पाहिलं. नव्या पानावरचा पहिलाच आकडा, ४.४५. तिने तो जसाच्या तसा भरला होता. मागच्या पानावरचा शेवटचा ४.८० होता आणि पुढचा ४.९०. या खेपेला चूक तिची नव्हती.

डायरीच्या कव्हरात एक कागद खोचलेला होता. नव्या सर्व्हेयरने मूळ आकडे त्यावर इंग्रजीत लिहून दिले होते आणि बाबांनी ते डायरीत उतरवून घेतले होते. घडी उलगडताना त्यांचे कान लाल झालेले ऋचाने पाहिले. कागदावर होतं चार पूर्णांक पंच्याऐंशी. इंग्रजी आठ, आणि बाबांनी तो आपला चार समजून उतरवलेला. रस्ता संपतो तिथल्या नव्या बिल्डिंगांच्या फाटकासमोर सव्वा फुटाचा खड्डा, तोही मापून घातलेला.

शेठही काचेवरून वाकून कागद बघू लागले.

“तुझी चूक डोंगराएवढी होती म्हणून दिसली,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “माझ्या चुकीवर उद्या मुरूम पडला असता.”

मग त्यांनी जी घाई केली ती विचारू नका. मुकादमाकडे याच आकड्यांची प्रत कालच गेली होती. खोकं नको, पिशवी नको, शेठच्या हातात पैसे कोंबून यंत्र तसंच उचललं आणि रस्त्यावर येऊन पहिली दिसली ती रिक्षा विचुंब्यासाठी केली. ऋचा धावत मागून येऊन बसली. तिला एवढा आनंद झाला होता की हसू लपवायला ती बाहेर बघत होती. रिक्षा एसटी स्टँड ओलांडून गेली तरी यंत्र बाबांच्याच मांडीवर. ते खाली मान घालून खळगा घालवत होते, पुन्हा आणत होते, पुन्हा घालवत होते.

शेवटी तिला राहवेना. “बाबा, हे मला घेतलंय की तुम्हाला?”

“रस्त्याला,” बाबा म्हणाले आणि मान वर न करता विचारलं, माप लहान करायचं बटण कुठलं.