मार्गदर्शकाची सही

कॉलेजवाले साहेब, तुमच्या या विद्यार्थिनीच्या इंटर्नशिपचे सहा महिने तुम्ही ढेकरही न देता गिळलेत! कृत्रिम हात घडवणाऱ्या कारागिराकडे पदवी नाही, म्हणून त्याची सही चालत नाही म्हणे. नवा फॉर्म घेऊन ती त्या कारागीर काकांच्या कारखान्यात परतली, तेव्हा दोऱ्यांवर टांगलेले हात वाऱ्यावर झुलत होते, झोपेत कुणाला बोलावल्यासारखे. “काका, वर्ष वाया गेलं.” “वेडे, हात तर वाया नाही ना गेला? तो बाईंना बसव.” गणिताच्या निवृत्त बाईंच्या कोपराखाली तिने स्वतः घडवलेला हात बांधला. बोटं पाण्याखालच्या गवतासारखी संथ उघडली, मिटली. बाईंनी पेन उचललं. “अपघातानंतर पहिल्यांदाच लिहितेय, अक्षराला हसू नका हं!” मार्गदर्शकाच्या रिकाम्या चौकटीत त्यांनी सावकाश नाव लिहिलं, खाली पदवीही. “अंगठ्याचा स्क्रू आवळायला हवा,” काका पुटपुटले. बोला साहेब, ही सही चालते की नाही?