अतिशय समाधानी

सात मजले चढून आल्यावर डेरेक प्लमर घंटा वाजवण्याआधी मिनिटभर कठड्याला धरून उभा राहिला. कौन्सिलच्या घरांतले भाडेकरू किती समाधानी आहेत, हे दारोदार विचारायचं त्याचं काम. मागच्या वर्षी शंभरात एकसष्ट निघाले होते, यंदा पंच्याहत्तर हवे होते. "फोन नको, समोर जाऊन विचार," त्याची वरिष्ठ पॉलीन म्हणाली होती. "तोंडावर वाईट बोलायला माणूस लाजतो."

दार विल्फ हार्डकासलनं उघडलं. ऐंशीचा म्हातारा, काळा सूट, काळा टाय. मागे चाकांच्या खुर्चीत त्याची बायको एडना काळी टोपी घालून तयार बसलेली.

"पाचच मिनिटं घेतो," डेरेक म्हणाला. "तुमच्या घराबद्दल एकंदरीत तुम्ही..."

"अतिशय समाधानी."

"पर्याय तरी वाचून दाखवतो."

"नको. सगळीकडे तेच लिहा. अकराला हिच्या बहिणीला, मार्जरीला, मूठमाती द्यायचीय, आम्हाला निघायचंय."

डेरेकनं टॅबलेटवर बाराही प्रश्नांच्या खुणा एकाच रकान्यात केल्या. दुरुस्तीच्या प्रश्नावर बोट जरा अडखळलं. खाली लिफ्टच्या दारावरची 'बंद आहे'ची चिठ्ठी पिवळी पडलेली त्यानं पाहिली होती. पण उत्तर भाडेकरूचं लिहायचं असतं.

एवढ्यात पाचव्या मजल्यावरचा टॅक्सीवाला युसूफ जिन्यानं वर आला. शेजारच्या दारातून स्टॅनची बायको कोलीन बाहेर पडली.

"स्टॅन कुठाय?" विल्फनं विचारलं.

"कंबर धरलीय त्याची," कोलीन म्हणाली. "कुशीवरसुद्धा वळता येत नाहीये."

खुर्ची उतरवायला तिघं लागत. विल्फ कोट काढू लागला.

"छातीत दोन स्टेंट घेऊन कुठे निघालात? बसा गप," एडना म्हणाली. मग टोपीची पिन काढायला तिनं हात वर नेला. "राहू दे. मार्जरी घेईल समजून."

डेरेककडे कुणी पाहिलंही नाही. त्यानं टॅबलेट पिशवीत टाकला.

"कुठे धरू?" त्यानं विचारलं.

"मागच्या दांड्या," युसूफ म्हणाला. "जोर गुडघ्यांवर घ्यायचा, साहेब. नाहीतर उद्या तुम्ही स्टॅनच्या शेजारी."

चौथ्या मजल्यावर ते टेकले. डेरेकच्या कपाळावरून घाम निथळत होता. एडनानं इतका वेळ मिटलेले डोळे उघडले आणि पर्समधून रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. "घाम पूस, पोरा. ईस्टरनंतर आज पहिल्यांदा खाली येतेय. मी जड झालेय."

"काकू, हलक्या झालाय तुम्ही," युसूफ म्हणाला. "मी दर वेळी उचलतो, मला विचारा."

खाली अंत्यविधीवाल्यांची गाडी ड्रायव्हरसकट उभी होती. एडनाला आत बसवलं, खुर्ची मागे ठेवली. विल्फ दार लावणार तोच डेरेक पुढे झाला.

"मगाची उत्तरं बदलायची असतील तर बदलता येतात."

"गेल्या वर्षी खरी दिली होती," विल्फ म्हणाला. "त्यांचं काय झालं, ते तुमच्या ऑफिसात विचारा." त्याच्या आवाजात राग नव्हता. गाडी निघता निघता एडना काचेतून म्हणाली, "दोनपर्यंत येतोच आम्ही."

"दोनला माझं विमानतळाचं भाडं आहे," युसूफ म्हणाला. कोलीननं डेरेककडे पाहिलं.

डेरेक पायरीवर बसला. तिथूनच त्यानं पॉलीनला फोन लावला.

"आज बाकीची दारं होणार नाहीत."

"का? काय झालं?"

"एका म्हातारबाईंना सातव्या मजल्यावर न्यायचंय."

पलीकडे कीबोर्डच्या कळा दाबल्याचा आवाज आला. "त्या इमारतीची लिफ्ट मार्चमध्येच दुरुस्त झालीय. इथे तसं लिहिलंय. लिफ्टनं ने."

डेरेकनं वर, सातव्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं.

"दोन वाजता इथे या," तो म्हणाला. "आमच्यात एक माणूस कमी पडतोय. आणि सपाट बूट घालून या."